पत्र्याची मागची बाजू

जुन्या गाडीच्या रंगावर बोटाच्या टोकाएवढा फोड दिसला की "घासू आणि रंग मारू" असं म्हणणाऱ्याच्या हातात आधी टोच्या द्यावा. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि त्या नादात तो रंग उचलतो. रंग खरचटला असेल तर गंज बाहेरून लागलेला असतो. रंग शाबूत असून फोड आला असेल तर पत्रा बहुतेक वेळा मागून खलास झालेला असतो. तिथे टोच्या दाबला की चर्रकन आत जातो आणि फोडाच्या चारपट भाग भुसभुशीत निघतो.

दाबून बघायची ठिकाणंही ठरलेली आहेत. दाराखालच्या सिल (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या पोकळ पट्ट्या), चाकांच्या कमानींच्या कडा, दारांचे तळ, बॅटरीचा ट्रे, डिकीतला स्पेअर चाकाचा खड्डा, काचेच्या रबराखालची चौकट. या सगळ्या जागी पाणी आणि चिखल आत शिरतात आणि वाळायला वाव मिळत नाही. गाडी विकत घ्यायची असेल आणि मालक शेजारीच उभा असेल, तर टोच्या खिशात ठेवून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवावा. पुट्टीचा जाड थर असेल तिथे तो धरत नाही.

भोक पडलेला पत्रा फायबरग्लासने किंवा पुट्टीने बुजवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पुढून दिसतंही छान. पण पुट्टी ओल शोषते, मागचा गंज आपलं काम चालूच ठेवतो आणि काही महिन्यांत तिथेच नवा फोड येतो. गंजका भाग चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापूनच काढायचा. पत्रा नुसता खड्डेखड्डे झाला असेल, आरपार गेला नसेल, तर तारेच्या ब्रशने घासून फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लावावं, मग धुऊन पूर्ण वाळवावं.

सिल कापताना मात्र सावध. ज्या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, त्यांचा बराचसा भार या सिलवरच असतो. आधी गाडी समपातळीत टेकवायची, दाराच्या चौकटीत चौकोनी नळी आडवी, वेल्डिंगचे छोटे टाके मारून बसवायची आणि मगच ग्राइंडर लावायचा, तोही एका वेळी एकाच बाजूला. नाहीतर नवी सिल सुंदर बसते आणि दार काही लागत नाही. नुसते टाके मारून झाले की दार लावून फट बघावी. पूर्ण वेल्ड झाल्यावर बघून उपयोग नाही.

ठिगळासाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्यावा. पत्रा मूळच्याच जाडीचा, म्हणजे साधारण 0.8 ते 1 मिमी. मिग वेल्डिंगला (यात बंदुकीतून तार आपोआप पुढे येते) 0.6 मिमीची तार पुरते. बॅटरी सोडवलेली, गालिचे काढलेले आणि पेट्रोलची टाकी लांब हवी. खालचा डांबरी थर पेटतो, म्हणून मागे एक माणूस अग्निशामक घेऊन उभा असावा.

खरी परीक्षा उष्णतेची. तापलेला पत्रा पसरू बघतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो तिथल्या तिथे दबतो; गार होताना आक्रसतो आणि सपाट दरवाज्याला लाट येते. म्हणून सलग रेघ ओढायची नाही. 25-30 मिमी अंतरावर एकेक टाका, पुढचा टाका समोरच्या टोकाला, आणि हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत थांबायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही. आक्रसलेला टाका मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने हलके ठोकला की पुन्हा पसरतो आणि लाट बरीचशी बसते. टाके घासतानाही तीच घाई नको, कारण ग्राइंडरही पत्रा तापवतो, शिवाय झिजवतो.

पुट्टीची पाळी यानंतरची. स्वच्छ पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, तो वाळला की 80 नंबरच्या सँडपेपरने खरवडायचा आणि वर पुट्टी, तीही दोन-तीन मिमीपर्यंतच. 100 ग्रॅम पुट्टीला सुमारे 2 ग्रॅम हार्डनर (पुट्टी कडक करणारी पेस्ट) लागतो. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येतो. लांब ठोकळ्यावर 80, 180, 320 असे कागद बदलत घासताना डोळ्यांपेक्षा तळव्यावर विश्वास ठेवावा. फडक्यावरून हात सपाट फिरवला की उंचवटा लगेच कळतो. फार जुन्या गाड्यांच्या सांध्यांत पुट्टीऐवजी शिसं भरलेलं असतं. ते कोरडं घासू नये, त्याची धूळ विषारी असते.

रंग झाला की सगळे गाडीभोवती फिरून चमक बघतात. सिलच्या आत, जिथे कोणी बघत नाही, तिथे लांब नळीने पातळ मेण फवारायचं राहिलेलं असतं. वेल्डिंगने आतला रंग जळालेला असतो आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होणार असतो. मेण थिजलं की दारांच्या आणि सिलच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने पुन्हा मोकळी करावीत, कारण ते नेमकं तिथेच साचतं.