न्यूनेनचे पत्र, सोलापूरचा माग

सोलापूरला मी यापूर्वी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नकार्यासाठी, आणि दोन्ही वेळा चादरी आणि शेंगाचटणी घेऊन परतले होते. या वेळी मात्र जाताना पिशवीत एका पत्राची छापील प्रत होती. विन्सेंट व्हॅन गॉगने १८८४ साली हॉलंडमधल्या न्यूनेन या खेड्यातून आपला चित्रकार मित्र अँथॉन व्हान राप्पार्ड याला ते लिहिले होते. पत्रात त्याने हातमागाविषयी जे म्हटले आहे, ते वाचल्यापासून मला ते पत्र एखाद्या चालत्या मागाशेजारी बसून पुन्हा वाचायचे होते. महाराष्ट्रात त्यासाठी सोलापूरखेरीज दुसरे गाव मनात येणे शक्यच नव्हते.

पुण्याहून निघालेली गाडी दौंड, भिगवण, कुर्डुवाडी मागे टाकत चालली होती आणि मी ते पत्र पुन्हा काढून बसले. विन्सेंट आणि राप्पार्डची ओळख १८८० मध्ये ब्रुसेल्सला झाली. एक पाद्र्याचा मुलगा, खिशात पैसा नसलेला, चित्रकला उशिरा हाती घेतलेला. दुसरा उमराव घराण्यातला, रीतसर कलाशिक्षण घेतलेला. तरीही सुमारे पाच वर्षे दोघांनी एकमेकांना कामाविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिले, की ती पत्रे वाचताना आपण दोन कारागिरांच्या गप्पा चोरून ऐकतो आहोत असे वाटत राहते.

न्यूनेनला विन्सेंट आईवडिलांकडे राहायला आला होता आणि १८८४ च्या पूर्वार्धात तिथल्या विणकरांच्या घरी जाऊन माग रंगवत होता. विणकरांच्या खोल्या इतक्या लहान होत्या, की मागापासून पुरेसे मागे सरकून तो नीट पाहताही येत नसे. मागाची यंत्ररचना आपण बरीच काळजीपूर्वक काढली, परंतु चित्रातून त्याचा खडखडाट काही ऐकू येईना आणि ते आपल्याला असह्य झाले, असे त्याने राप्पार्डला कळवले आहे. म्हणून त्याने काही रेघोट्या आणि डागांनी आत विणकर बसवला, हातापायांच्या प्रमाणाचा विचारही न करता. पुढे तो म्हणतो, की एखाद्या यंत्रज्ञाने काढलेला मागाचा आराखडा आपल्या चित्राशेजारी ठेवला, तर आराखडा अधिक बिनचूक असेल. परंतु ही वस्तू घामट हातांनी काळवंडलेल्या ओकच्या लाकडाची आहे, हे आपल्याच चित्रातून कळेल, आणि त्या लाकडांच्या पसाऱ्यातून अधूनमधून एक सुस्कारा बाहेर पडलाच पाहिजे.

साखर पेठेच्या बाजूला मैत्रिणीच्या ओळखीचे एक वृद्ध विणकर राहतात, त्यांच्याकडे मी दुपारी पोहोचले. गल्लीत शिरल्यापासून यंत्रमागांचा आवाज कानावर आदळत होता. सोलापूरच्या पूर्व भागात तो पावलागणिक असतो, आणि त्याच गल्ल्यांत तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात मिसळून ऐकू येतात. इथल्या पद्मशाली समाजाने कित्येक पिढ्या या शहराला कापड दिले. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये निघाली, तिला लोक आजही ‘जुनी मिल’च म्हणतात. मोठ्या गिरण्या कालांतराने बंद पडल्या, चादरी आणि टॉवेल यंत्रमागांवर गेले, आणि हातमाग अगदी मोजक्या घरांत उरले.

काकांचा माग खड्ड्याचा आहे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो, खाली पावड्या पायांनी दाबतो आणि वर आडवा धागा वाहणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळवतो. आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीच्या लाकडी चौकटीकडेच मी बराच वेळ पाहत राहिले. बाकीचे लाकूड फिकट तपकिरी होते. परंतु जिथे डाव्या हाताची पकड पडते, तिथली चारपाच बोटांची जागा काळी, गुळगुळीत आणि किंचित खोलगट झाली होती. काकांनी हात उचलला तरी त्या जागेवर हात दिसत राहिला. पत्रातले ते घामट हात मला पहिल्यांदा तिथे कळले. आराखड्यात ही खोलगट जागा कधीच येणार नाही, कारण माग तयार झाला तेव्हा ती नव्हतीच.

मी त्यांना विन्सेंटची मागाची चित्रे दाखवली. ती त्यांनी चश्मा कपाळावर सरकवून पाहिली.

“उंचावर बसतंय की हे. खड्डा न्हाई,” ते म्हणाले. मग एका चित्रावर बोट ठेवून थोडे थांबले. “दिवा मागालाच टांगलाय बघा. आमचे वडील कंदील असाच टांगायचे. सणाच्या आधी रात्र रात्र चालायचं.”

पत्रातल्या एका गोष्टीशी मात्र मी सहमत होऊ शकले नाही, आणि काकांसमोर ती मोठ्याने वाचणे मला जमले नाही. मागाच्या आत बसलेल्या विणकराला विन्सेंट काळे माकड किंवा भूत म्हणतो. तो हे तुच्छतेने लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. अंधाऱ्या खोलीत दिवसभर खडखडत राहणाऱ्या माणसाची त्याला धास्ती वाटली असावी. परंतु माझ्यासमोरचा माणूस तुटलेला धागा जिभेने ओला करून दोन बोटांत क्षणात गाठवत होता आणि त्याच वेळी नातवाच्या परीक्षेविषयी बोलत होता.

भाऊ थिओला लिहिलेल्या एका पत्रात विन्सेंटने हेच जग अधिक जवळून पाहिले आहे. विणकर आठवड्यात साधारण साठ वार कापड विणतो, त्याच्यासाठी एका स्त्रीला धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसावे लागते, म्हणजे त्या मजुरीवर दोघांचे पोट असते, आणि माल घेऊन गेल्यावर पुढचा आठवडा-दोन आठवड्यांनी आणा असे ऐकावे लागते, असा हिशेब त्याने मांडला आहे. काकांना मी तो सांगितला, तेव्हा ते फक्त मान हलवत राहिले.

ही मैत्री पुढे टिकली नाही. १८८५ मध्ये विन्सेंटने ‘बटाटे खाणारे’ या चित्राची शिळाछाप प्रत पाठवली, तेव्हा राप्पार्डने अतिशय कठोर टीका केली आणि विन्सेंटने ते पत्र त्यालाच परत पाठवून दिले. काही महिन्यांत पत्रव्यवहार थांबला. विन्सेंट १८९० मध्ये गेला, राप्पार्ड १८९२ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. पण मागाविषयीचे ते पत्र राप्पार्डच्या घरी जपले गेले, म्हणूनच ते माझ्या पिशवीतून साखर पेठेपर्यंत येऊ शकले.

इतका वेळ काकू दाराशी बसून रहाटावर कांड्या भरत होत्या. चित्रे त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी सगळी एकामागून एक पाहिली आणि विचारले, “कांड्या भरणारी कुठंय ह्यात?”

विन्सेंटने सूत गुंडाळणाऱ्या स्त्रियाही रंगवल्या आहेत. त्यातले एक चित्र मी मोबाइलवर शोधून त्यांच्या हातात दिले. त्यांनी हाताची बोटे पदराला पुसली, चित्र दोन बोटांनी मोठे केले आणि त्या बाईच्या वाकलेल्या खांद्यांवर आणून थांबवले.

“पाठ दुखत असंल बघा हिची,” त्या म्हणाल्या, मोबाइल परत दिला आणि रहाट पुन्हा फिरवू लागल्या.