माझा रिपोर्ट: ४५

बायकोचा तिसऱ्यांदाही नवव्या आठवड्यातच गर्भ पडला, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड, सोनोग्राफीचे जुने कागद बाजूला सारले आणि चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली. कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं मोजून बघायची, दोघांचीही. त्या 'दोघांचीही'वरून घरात चार दिवस धुसफूस चालली. आई म्हणाली, "तुह्या रक्ताचं काय काम? पोट तिचं हाये." माझ्याही मनात तेच होतं. लाज वाटते, पण लिहितो.

रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत घेतात. त्यात हेपॅरिन असतं, म्हणजे रक्त गोठत नाही. पेशी जिवंत पोचल्या तरच पुढचं काम होतं. आम्ही नेमकं शनिवारी दिलं. मे महिन्याचं ऊन, नमुना रविवारभर कुरिअरच्या डब्यात, आणि बारा दिवसांनी मेसेज: पेशी वाढल्या नाहीत, पुन्हा या. चिडून उपयोग नव्हता. दुसऱ्या वेळी सोमवारच्या पहिल्या एसटीनं थेट नागपूर गाठलं. तुम्हीही सोमवार-मंगळवारच धरा.

तिथं तीनेक दिवस पेशी वाढवतात आणि विभाजन ऐन मध्यावर औषधानं थांबवतात. तेव्हाच गुणसूत्रं आखडून जाड होतात, मोजता येतात. मग रंगवून, फोटो काढून जोड्या लावायच्या. आमचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला.

बायकोची ४६. माझी ४५.

एक कमी असून मी तूर पेरतो, ट्रॅक्टर चालवतो, ते कसं? समुपदेशक मॅडमनी रिपोर्टच्या पाठीवरच पेननं काढून दाखवलं. नववीच्या पुस्तकात डम्बेलसारखं गुणसूत्र होतं ना, मधे चिमटलेलं? तो चिमटा म्हणजे गुणसूत्रबिंदू. पेशी दुभंगताना दोऱ्या तिथंच बांधल्या जातात. मी मनात म्हटलं, ही तर वेसण. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांची वेसण अगदी टोकाशी असते, वरचा बाहू इवलासा. माझ्यात एक १३ आणि एक १४ तिथंच एकमेकांना जुळलेत, आखूड बाहू गळालेत. त्या बाहूंवरची कामाची जनुकं बाकीच्या आठ गुणसूत्रांवरही आहेत, म्हणून माझं काही अडलं नाही. आणि एकाच गुणसूत्राला दोन वेसणी झाल्या तर ओढाताण होईल, म्हणून बहुतेकदा त्यातली एक गप्प बसते. साधारण हजारात एकाला अशी जोडणी असते. रॉबर्टसन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९१६ मध्ये ती नाकतोड्यांत वर्णिली होती. नाव त्याचंच पडलं.

भानगड होते ती वाटणीत. शुक्रपेशी तयार होताना जोडलेलं एक, सुटं १३ आणि सुटं १४ अशा तिघांची दोन घरांत वाटणी. जोडलेलं एकीकडे नि सुटे दोघं दुसरीकडे गेले तर ठीक. जोडलेल्यासोबत सुटं १४ गेलं, तर बाळात १४ तीन होतात, आणि तो गर्भ टिकत नाही. तीन १३ झाले तर मूल कधी जन्मतंही, पण फार आजारी.

मी विचारलं, या वेसणीच्या जागी काय लिहिलंय ते आधी कोणी वाचलं नव्हतं का? मॅडम हसल्या. २००३ मध्ये मानवी जिनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचून झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा नेमक्या याच जागा कोऱ्या होत्या म्हणे. १७१ अक्षरांची तीच ती ओळ हजारो वेळा, यंत्राला कुठून कुठं जोडावं कळेना. त्या २०२२ मध्ये भरल्या.

गर्भाशयाबाहेर भ्रूण तपासून मग आत ठेवण्याचा मार्ग आहे, पण तो आमच्या खिशाबाहेरचा. आम्ही पुन्हा साध्या मार्गानं बघायचं ठरवलंय, राहिलं तर सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासायचं. आईला एवढंच सांगितलं की हे माझ्या बाजूनं आहे. ती उठून गोठ्यात गेली. संध्याकाळी सुनेला म्हणाली, "बाई, चहा मांडू का तुह्यासाठी?"

ही जोडणी आईकडून किंवा वडिलांकडूनही आलेली असू शकते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पुसदच्या ताईचेही दोनदा गर्भ गेलेत. रिपोर्टचा फोटो तिला व्हॉट्सॲपवर धाडला. दोन दिवस नुसत्या निळ्या खुणा. काल रात्री तिचा मेसेज आला: "उपाशीपोटी जावं लागते काय?"

लागत नाही, जेवून जा म्हटलं. आणि भाऊजींना सोबत ने.