तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी कुठे करू?

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला चहाच्या टपरीवरही गाठतो. "मॅडम, कॉम्प्युटर व्हिजनमध्ये माणसाच्या हालचालींवर पीएचडी करायचीय. कुठे करू?" (कॉम्प्युटर व्हिजन म्हणजे फोटो-व्हिडिओत काय आहे ते संगणकाला ओळखायला लावणं.) कुणाच्या डोक्यात आयआयटी असते, कुणाच्या जर्मनी, कुणाला घरच्यांमुळे गाव सोडता येत नाही. मी उलट विचारते, कोणती हालचाल? बहुतेकांची गाडी इथेच अडते.

व्हिडिओतल्या माणसाचे सांधे शोधायला आता फार काही लागत नाही. हेच काम करणारं ओपनपोझ हे सॉफ्टवेअर 2017 मध्येच आलं. गूगलचं मीडियापाइप साध्या मोबाइलवर शरीराचे 33 बिंदू दाखवतं. स्क्रीनवर काड्यांचा माणूस नाचायला लागला की पोरांना वाटतं, झालं संशोधन! शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होतो त्यात, पीएचडी नाही.

तोच मोबाइल घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एखाद्या मावशींसमोर बसा. मांडी घातलेली, साडी पसरलेली, पुढ्यात सूप. गुडघा आणि खुबा कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, तरी मॉडेल बिंदू ठोकून देतं. ह्यूमन 3.6एम हा या क्षेत्रातला गाजलेला डेटासेट (मॉडेलला शिकवायचा माहितीसाठा) 11 कलाकारांना प्रयोगशाळेत चालायला, बसायला, फोनवर बोलायला लावून तयार झाला. त्यातून सुमारे 36 लाख पोझ मिळाल्या, पण साडीत मांडी घालून दिवसभर राबणारी बाई त्यात कुठून येणार? बोटांचं तर आणखी अवघड. हाताचे 21 बिंदू ओळखणारं मॉडेल आहे, पण इथे दोन्ही हातांची बोटं एकमेकांआड जातात, मध्ये तेंदूपान असतं, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे हात थांबत नाहीत. सेकंदाला 30 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात बोटं पुसट होतात. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडायला वाकणाऱ्या कामगाराची पाठ घ्या, तिथे अंधुक उजेड आणि मागांची अडचण. यातला एकेक अडथळा म्हणजे प्रबंधाचं एकेक प्रकरण आहे.

पाठ इतक्या अंशांत वाकली असं मॉडेलने सांगितलं, तर ते खरं कशावरून? त्यासाठी अंगावर चमकते मार्कर लावून इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी मोजणारी लॅब लागते, आणि सोबत फिजिओथेरपी किंवा अस्थिरोगातला सहमार्गदर्शक. नैतिकता समितीची परवानगी आणि कामगारांची संमती चित्रीकरणाच्या आधी घ्यायची, नंतर नाही. हे मी जरा चढ्या आवाजातच सांगते, कारण ते व्हिडिओ मालकाच्या हाती गेले तर पाठदुखीचं संशोधन कामचुकारपणा मोजायचं यंत्र होऊन बसेल.

आता 'कुठे'. नोकरी सांभाळून करायची असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी बसते. नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र मात्र लागतं. किमान 3 वर्षं, कमाल 6. महिलांना 2 वर्षं जास्तीची सवलत मिळू शकते. पूर्णवेळ करणाऱ्याने जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) सोडू नये, 2023 पासून ती महिना 37,000 रुपये आहे. हैदराबादची ट्रिपल आयटी या विषयात दमदार, आणि आपल्याला रेल्वेने सोयीची. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनकडे पीएचडीच्या बऱ्याच जागा पगारी नोकरीसारख्या जाहीर होतात, पण विषय बहुधा प्रकल्पाने आधीच ठरवलेला असतो. युरोपच्या मारी क्युरी या संशोधकांसाठीच्या अनुदान योजनेतून जायचं असेल तर आधीच्या 36 महिन्यांत, जिथे जायचं त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. सोलापुरातून थेट जाणाऱ्याला ती अट आडवी येत नाही.

प्राध्यापकांना मेल करताना 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' हे आधी खोडा. त्यांचा एक पेपर वाचून, त्यांचं मॉडेल आपल्या व्हिडिओवर चालवून, ते नेमकं कुठे गडबडलं याच्या चार ओळी आणि दोन फ्रेम पाठवा. फ्रेममधले चेहरे झाकून.