सा कालोब्रा: आधी उतरायचं, मग चढायचं

स्पेनच्या मायोर्का बेटावर सुट्टीला गेलो तेव्हा बाबांनी एकच अट घातलेली, एक दिवस सा कालोब्राला, तिथल्या घाटरस्त्याला, सायकलवर द्यायचा. बाबा ६२ वर्षांचे, मला सायकल त्यांनीच शिकवली, आणि घाटात ते माझ्यापेक्षा सावकाश पण न थांबता चढतात.

या रस्त्याची गंमत अशी की तो समुद्रावर जाऊन संपतो. खालच्या खाडीतून पुढे सायकलने जायला दुसरी वाट नाही, म्हणजे आधी ९.५ किमी खाली उतरायचं आणि तोच चढ परत चढून यायचं. सरासरी ७ टक्के, मधे मधे १० च्या वर. भाड्याची सायकल घेताना बाबा मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या गिअरचक्रांवर) अडून बसलेले, चढ हलका जावा म्हणून मोठं चक्र ३२ दातांचं हवं म्हणजे हवंच, पुढचं लहान चक्र ३४ चं. दुकानातून निघताना ते म्हणाले, "हिचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे बघ, तुझ्या सायकलचा उजव्या. लक्षात ठेव." मी हो हो म्हटलं.

पोर्ट दे पोयेन्साहून सकाळी सातला निघालो, टुरिस्ट बसेस यायच्या आत चढायचं होतं म्हणून. ल्युकच्या मठापर्यंतचा चढ ओकच्या सावलीतून जातो, खूप छान आहे, दगडावर दगड रचून केलेल्या शेताच्या पायऱ्या दिसत राहतात (या सेर्रा दे त्रामुंताना डोंगररांगेला २०११ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळालाय). पेट्रोल पंपाजवळ कॉफी, मग पुढे दगडी पाटाजवळून उजवीकडे वळलं की सा कालोब्राचा रस्ता लागतो. आधी अडीचेक किमीचा छोटा चढ, मग कोल देल्स रेइस ही खिंड, उंची ६८२ मीटर. तिथून खाली बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. उघडा करडा दगड, झाड नाही सावली नाही, आणि त्यात रस्ता नुसता गुंडाळून ठेवल्यासारखा. अंतोनियो परिएत्ती नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात हा रस्ता आखला, वरच्या टोकाला तर रस्ता गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो, त्याला तिथे टायची गाठ म्हणतात. बोगदा न खोदता उतार गाडीला झेपेल असा ठेवायचा म्हणून एवढी वळणं, २६ हेअरपिन.

चढाची भीती वाटते सगळ्यांना, पण मला विचाराल तर उतार जास्त अवघड. ब्रेक सतत दाबून धरले तर ब्रेकची डिस्क तापते आणि पकड कमी होते, म्हणून वळणाआधी जोरात दाबायचे, वळणात सोडायचे. हे मला येत होतं. सातव्या की आठव्या वळणाला खालून बस आली, अख्खं वळण तिने व्यापलेलं, आणि मी घाबरून सवयीने डावा ब्रेक दाबला, मागचा समजून. मागचं चाक उचललं. किती उचललं माहीत नाही, पण सीट खालून ढकलल्यासारखी वर आली एवढं आठवतंय, हात आपोआप सुटला म्हणून वाचले. बसवाल्याने गाडी थांबवली होती, हात वर करून सावकाश ये म्हणाला. बाबा मागून आले, काही बोलले नाहीत, माझी सायकल धरून उभे राहिले. मी कठड्यावर बसून दहा मिनिटं नुसती पाणी पीत होते, हात थरथरत होते.

खाली समुद्रावर पोचलो तेव्हा साडेदहा झालेले. तोरेंत दे पारेइसची घळ बघायला जायचं ठरलेलं पण माझं मन नव्हतं, केळी खाल्ली, बाटल्या भरल्या आणि निघालो.

चढात मी चूक केली, राग काढल्यासारखे पहिले चार किमी जोरात मारले. सहाव्या किमीला पायातला जीवच गेला. ऊन डोक्यावर, दगडातून गरम वाफ, आणि बाबा शांतपणे मागून आले, पायडलचा तोच ठेका, तोच श्वास, "एक एनर्जी जेल खा, मी हळू जातो" म्हणाले आणि पुढे झाले. त्यांना हाक मारून थांबवावंसं वाटलं पण नाही मारली. शेवटी गाठीच्या पुलाखालून जाताना वर बघितलं तर बाबा कठड्याला टेकून उभे. "झालंच गं, आता एक गोल!" मी चढले, एक तास दहा मिनिटं लागली, वर पोचल्यावर रडू आलं, बाबांनी पाठीवर हात ठेवला.

परत उतार लागणार होता. बुटाची क्लीट (तळाची खाच) पायडलमध्ये अडकवायच्या आधी त्यांनी विचारलं, "पुढचा कुठला?"

मी डावा हात वर केला.

"चल."