तिच्या वहीतली चूक मी खोडली

परवा लेकीच्या बाईंनी मला शाळेच्या फाटकापाशी थांबवलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "घरी तिची वही दुरुस्त करू नका." ते अजून डोक्यातून जात नाहीये.

झालं असं. लेक इथे इंग्लंडमध्ये इयर वनला आहे, वय साडेपाच. वर्गात टेडीसाठी छत्री करायची होती. लोकर, कागद, प्लास्टिक, फॉइल समोर ठेवलेलं. कशातून पाणी गळणार नाही, याचा आधी प्रत्येकानं अंदाज लिहायचा, मग ड्रॉपरनं पाणी टाकून बघायचं. हिनं लिहिलं लोकर, कारण "लोकर ऊबदार असते". पाणी खाली झिरपलं. तिनं ओल्या टेडीचं चित्र काढलं, अंदाज मात्र तसाच ठेवला. वही घरी आल्यावर मी 'लोकर' खोडून 'प्लास्टिक' लिहिलं. कुठल्या आईनं लिहिलं नसतं?

बाई म्हणाल्या, "तिला आधी काय वाटलं होतं, तेच खोडलंत. मग तिला काय नवीन कळलं हे कुठे दिसणार?"

राग आला. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, पाच वर्षांच्या मुलीचं विज्ञान मला कोणी शिकवावं? पण रात्री आठवत बसले, तर इतक्या वर्षांत प्रयोगाआधी माझा अंदाज कोणी विचारलाच नव्हता. उत्तर ठाऊक असायचं आणि जर्नलमधली रीडिंग्ज आम्ही त्याला जुळवून घ्यायचो. चुकलेलं रीडिंग लिहिलं तर सही मिळायची नाही.

तरी एक सांगते. इथे पहिली-दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे 30 पेक्षा जास्त मुलं बसवायला कायद्यानं बंदी आहे. आम्ही वर्गात 62 जणी होतो. आमच्या बाईंनी कोणाकोणाचा अंदाज वाचायचा? आणि मुलांच्या हातात वस्तू देऊन शिकवणं इथल्या लोकांनीच शोधलंय असंही नाही. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन आदिवासी मुलांना शिकवलंच होतं की, तेही बोर्डीला 1945 पासून!

शिवाय वस्तू वेगळी आणि ती ज्याची बनते तो पदार्थ वेगळा, हे इयर वनच्या अभ्यासक्रमात मुद्दाम शिकवावं लागतं. इंग्रजीत 'ग्लास' म्हणजे पेलाही आणि काचही, त्यामुळे मुलं अडखळतात. लेक नाही अडखळली. आमच्या घरी 'स्टीलचा ग्लास' रोजचाच. मराठीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पण खोडलेल्या शब्दाचं काय? मी पेन्सिलनं 'लोकर' परत लिहून दिलं. ती म्हणाली, "हे माझं अक्षर नाहीये." मला फार वाईट वाटलं.

काल तिनं माझी लोकरीची टोपी घेतली आणि चमच्यानं पाण्याचे थेंब सोडले. ते लगेच मुरले नाहीत, वरच गोल होऊन बसले. लोकरीच्या तंतूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, ते पाण्याला काही वेळ थोपवतं. हे मी शिकलेय, पण छत्रीच्या वेळी आठवलं नाही. म्हणजे पोरगी पूर्ण चुकली नव्हती.

"किती वेळ राहतील?" तिनं विचारलं.

ती म्हणाली दहा मिनिटं, मी म्हटलं वीस. दोन्ही आकडे तिनं वहीत लिहिले, माझा माझ्या नावासकट, आणि घड्याळ आणायला पळाली.