येस्टर्डेबाई

आपल्या देवरुखच्या शाळेत इंग्रजी शिकलेलं माणूस ओळखायची एक खूण आहे. ते कितीही घाईत असो, 'डिड यू वेन्ट' म्हणणार नाही. इंग्रजी फाडफाड येत असेल असं नाही, बोलताना अडखळेल, उच्चारात देवरुख डोकावेल, पण 'डिड' म्हटल्यावर पुढे 'गो'च येईल. हे सगळं इंग्रजीच्या बाईंमुळे. त्यांना आम्ही माघारी येस्टर्डेबाई म्हणायचो. हजेरी झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'व्हॉट डिड यू डू येस्टर्डे?' आणि काल कुणी काही विशेष केलेलं नसलं तरी उत्तर द्यावंच लागे. सोमवारी तर आम्ही घरून निघतानाच एकेक वाक्य जुळवून ठेवायचो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. आजच्या मुलांना सांगितलं की आम्ही दहाव्या वर्षी एबीसीडी गिरवली, तर ती आमच्याकडे कीव आल्यासारखी बघतात. बाई स्वतः तर आठवीत इंग्रजी शिकल्या होत्या, कारण त्यांच्या लहानपणी मुंबई राज्यात ते तिथूनच सुरू होत असे. उशिरा शिकल्यामुळे आपण कुठे ठेचकाळलो हे त्यांना नीट आठवत असावं. आम्ही चुकायच्या आधीच त्यांना ती जागा ठाऊक असायची.

बाई आम्हाला आठवीत मिळाल्या. त्याआधीच्या वर्गांत इंग्रजी कृती करून शिकवलं जाई. त्या काळी शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'स्ट्रक्चरल' पद्धतीचा जोर होता. व्याकरणाचे नियम सांगायचे नाहीत, ठराविक वाक्यरचना क्रमाने घ्यायच्या, करून दाखवायच्या आणि घोटून घ्यायच्या. सर खिडकीकडे चालत जात आणि म्हणत, 'आय ॲम गोइंग टू द विंडो.' खिडकी उघडत आणि म्हणत, 'आय ॲम ओपनिंग द विंडो.' आम्ही पन्नास जण एका सुरात 'ही इज ओपनिंग द विंडो' म्हणून ओरडायचो. मजा यायची. चालू वर्तमानकाळ आधी शिकवायचं कारणही सरळ होतं. चालू असलेलं काम वर्गात दाखवता येतं, रोजची सवय कशी दाखवणार? पण त्यामुळे झालं असं की, आठवीत येईपर्यंत सगळ्या वर्गाचं प्रत्येक क्रियापद 'इंग' लावूनच चालू लागलं. 'आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे.' 'माय फादर इज वर्किंग इन मुंबई.' 'आय ॲम नोइंग द आन्सर.'

बाईंनी ते मोडायला पावसाची मदत घेतली. जुलै महिना, कौलांवर पावसाचा असा मारा की पुढच्या बाकावरच्यांनाच काय ते ऐकू जावं. बाईंनी खडूने फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. 'इट रेन्स इन जुलै.' 'इट इज रेनिंग.' 'इट हॅज बीन रेनिंग सिन्स संडे.' मग विचारलं, आत्ता पाऊस थांबला तर यातलं कुठलं वाक्य खोटं ठरेल? आम्ही विचारात पडलो. दुसरं खोटं ठरतं, तिसरंही मग तसंच लिहून चालत नाही. पहिल्याला मात्र काही होत नाही, थांबलेल्या पावसातही ते खरंच राहतं. 'म्हणजे मुंबईत तुमचे वडील जन्मभर नोकरी करणार असतील, तर त्यांना इंग कशाला लावता?' आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईत होते. ते वाक्य आम्हाला लगेच कळलं.

तिसऱ्या पुरुषी एकवचनी कर्त्याचा 'एस' ही आमची दुसरी अडचण. 'माय मदर कुक', 'ही गो' अशी वाक्यं सगळ्यांच्या वहीत. बाई म्हणाल्या, मराठीत 'जा'ची वर्तमानकाळातली रूपं सांगा बघू. जातो, जाते, जातोस, जातेस, जातं, जाता, जातात. सात झाली. 'ही सात तुम्ही न शिकता बोलता. इंग्रजाची दोनच आहेत, गो आणि गोज, आणि तेवढ्यात तुम्ही दमलात?' नामाला एस आणि क्रियापदाला एस यांचा गोंधळ व्हायचा, त्यावर त्यांचा सोपा तोडगा होता. 'बॉय प्लेज' आणि 'बॉईज प्ले', दोघांत मिळून एस एकच. एकाने घेतला की दुसऱ्याला नाही. सगळ्या नामांना तो लागू पडत नाही, 'चिल्ड्रन' तिथे फसतं, पण बोर्डाच्या 'डू ॲज डायरेक्टेड'च्या प्रश्नापुरता तो पुरे होता.

आता डिडबद्दल. देवरुखच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली की हमाल पेटी डोक्यावर घेतो आणि चाकरमानी मोकळ्या हातांनी मागून चालतो. बाई म्हणायच्या, 'डिड' हा हमाल आहे. भूतकाळाचं ओझं त्याने उचललं, आता 'गो'च्या डोक्यावर पुन्हा कशाला देता? म्हणून 'डिड यू गो'. नकारातही तोच आहे, म्हणून 'डिड नॉट गो'. साध्या होकारी वाक्यात हमाल नसतो, तिथे क्रियापदाला ओझं स्वतः वाहावं लागतं आणि ते 'वेन्ट' होतं. मग कुणीतरी विचारलं, 'बाई, "डझ"चं काय?' बाई खूश झाल्या. डझही हमालच, तो एस उचलतो, म्हणून 'डझ ही गो', 'गोज' नाही. 'वॉज' आणि 'वेअर' मात्र मानी आहेत, त्यांना हमाल चालत नाही. प्रश्न विचारायचा तर ते स्वतः उठून कर्त्याच्या पुढे जाऊन उभे राहतात. या एका तासात आमच्या वर्गाची जेवढी वाक्यं सुधारली तेवढी पुढच्या वर्षभरातही सुधारली नसतील.

अनियमित क्रियापदं मात्र पाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी प्रत्येकाची एक लांबट वही असे, तीन रकाने आखलेली. गो, वेन्ट, गॉन. सी, सॉ, सीन. कट, कट, कट आणि पुट, पुट, पुट ही सगळ्यांची लाडकी, कारण पाठ करायला काहीच नाही. 'रीड' फसवायचं, तिन्ही रकान्यांत स्पेलिंग एकच आणि वाचताना मात्र रीड, रेड, रेड. इंग्रजांनी असा तऱ्हेवाईकपणा का केला म्हणून आम्ही कुरकुर केली, तेव्हा बाईंनी आम्हाला मराठीतच पकडलं. 'जा'चा भूतकाळ 'जाला' होतो का? गेला होतो. त्यात 'जा' दिसतो कुठे? 'कर'चं केला, 'ये'चं आला, 'हो'चं झाला, 'मर'चं मेला. 'गो'चं 'वेन्ट' हे मुळात 'वेन्ड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे, आणि आपलं 'गेला'ही वेगळ्या संस्कृत धातूवरून आलं आहे, हे त्यांनीच सांगितलं. नेहमीच्या वापरातली क्रियापदंच जास्त वाकडी असतात, हे दोन्ही भाषांत दिसतं. ज्यांना कुणी फारसं विचारत नाही ती निमूटपणे 'ईडी' लावून घेतात.

त्या 'ईडी'च्या उच्चाराचाही एक किस्सा आहे. आम्ही 'वॉकेड', 'वॉशेड' असं म्हणायचो. बाईंनी आम्हाला गळ्यावर बोट ठेवायला लावलं आणि मराठीच्या तासाला शिकलेली कठोर-मृदू व्यंजनं आठवायला सांगितली. क, च, प, श, स या कठोर ध्वनींनंतर 'ट', म्हणून वॉक्ट, वॉश्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर 'ड', म्हणून प्लेड, ओपन्ड. शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच 'इड', म्हणून वॉन्टेड. 'विपद् आणि काल मिळून विपत्काल का होतो ते तुम्हाला मराठीच्या सरांनी सांगितलंय ना? इथेही तोच कारभार आहे.' संधी हा व्याकरणाचा भाग फक्त मार्कांसाठी नसतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आजही 'वॉकेड' ऐकलं की माझं बोट गळ्याकडे जातं.

भूतकाळ शिकताना मुलींना एका गोष्टीचं विशेष बरं वाटलं. मराठीत तो गेला, ती गेली. इंग्रजीत दोघांचंही 'वेन्ट'. शिवाय मराठीत भात खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले, म्हणजे ताटात काय आहे ते बघून क्रियापद बदलायचं. इंग्रजीत जे असेल ते 'एट'. 'तुम्ही अवघड भाषेतून सोप्या भाषेत चालला आहात, उगाच घाबरू नका,' असं बाई म्हणायच्या. यात थोडी अतिशयोक्ती होती, पण आठवीतल्या मुलांना धीर द्यायला ती हवीच होती.

खरी कसरत 'हॅव' आणि 'हॅड'ची. मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' खुशाल चालतं. इंग्रजीत 'हॅव' आणि 'येस्टर्डे' एका वाक्यात नांदत नाहीत. बाईंनी त्यासाठी दोनच प्रश्न दिले होते. कधी झालं ते सांगायचंय का? मग साधा भूतकाळ. झालं एवढंच महत्त्वाचं आहे आणि त्याचा आत्ताशी संबंध आहे का? मग 'हॅव'. आणि 'हॅड' दिसला की त्यांची लाल शाई सुरू व्हायची. आपण 'मी मुंबईला गेलो होतो' असं सहज म्हणतो, म्हणून 'आय हॅड गॉन टू मुंबई' लिहितो. बाई समासात लिहायच्या, 'कशाच्या आधी?' भूतकाळातल्या दोन गोष्टी असतील आणि त्यांतली आधीची दाखवायची असेल तरच 'हॅड', एरवी 'वेन्ट' बास. बारा काळांचा तक्ता त्यांनी फळ्यावर कधी लिहिला नाही. फ्युचर परफेक्ट कंटिन्युअसबद्दल विचारलं तर म्हणायच्या, 'तुमच्या आयुष्यात तो येईल तेव्हा बघू.' माझ्या आयुष्यात तो अजून आलेला नाही.

पुढे मी मुंबईत नर्सिंग केलं आणि निवृत्तीपर्यंत वॉर्डातच राहिले. तिथे बऱ्याच सिस्टर केरळच्या होत्या. बोलायला मोडकी हिंदी चालायची, पण रिपोर्ट बुक इंग्रजीतच. तिथे बाईंचा एकेक तास कामाला आला. 'पेशंट टेक्स इन्शुलिन' म्हणजे तो रोज घेतो. 'पेशंट हॅज टेकन इन्शुलिन' म्हणजे आजचं घेऊन झालंय. रात्रपाळीच्या सिस्टरने यातलं काय लिहिलंय त्याकडे सकाळच्या सिस्टरची नजर आधी जाते. डोस आणि वेळ तक्त्यात ताडून बघायची असतेच, पण तेच इन्शुलिन दुसऱ्यांदा गेलं तर साखर झपाट्याने खाली येते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. 'व्हॉमिटेड ॲट टू' म्हणजे दोनला उलटी झाली, विषय संपला. 'हॅज बीन व्हॉमिटिंग सिन्स टू' म्हटलं की डॉक्टरांना बोलवायचं, सलाइनची तयारी करायची.

नव्या मुली वॉर्डात आल्या की मी त्यांना एक गोष्ट बजावून सांगायचे. औषध पेशंटच्या पोटात गेल्याशिवाय 'गिव्हन' लिहायचं नाही. घाईत आधी सगळ्यांच्या कागदांवर लिहून टाकायचं आणि मग ट्रे घेऊन फिरायचं, असा मोह सगळ्यांनाच होतो. पण मधेच एखादा पेशंट एक्सरेला नेलेला असतो, एखादा औषध थुंकून टाकतो, एखाद्याचं औषध डॉक्टरांनी राउंडला येऊन बंद केलेलं असतं. कागदावर भूतकाळ आणि प्रत्यक्षात काहीच नाही. मी हे समजावून सांगत असताना एक मुलगी म्हणाली, 'सिस्टर, तुम्ही आधी शाळेत शिकवत होतात का?'

एका बाबतीत मात्र माझं बाईंशी आजही पटत नाही. 'आय ॲम हॅविंग अ हेडेक' त्यांना अजिबात चालत नसे. 'हॅव' म्हणजे जवळ असणे या अर्थी त्याला इंग लागत नाही, हे नियमाने बरोबर आहे. पण मुंबईत निम्मे पेशंट असंच सांगतात, आणि डोकं दुखत असलेल्या माणसाचं व्याकरण तपासण्यात अर्थ नाही. मी केस पेपरवर 'हॅज हेडेक' लिहायचे आणि त्याला काही म्हणायचे नाही. बाईंना हे कळलं असतं तर त्यांनी मलाच चार शब्द सुनावले असते.

जाता जाता वर्गमित्र-मैत्रिणींना एक विनंती. शाळेच्या जयंतीनिमित्त तिथे जुन्या वह्या-पुस्तकांचं प्रदर्शन मांडणार आहेत, असं कळलं. माझी तीन रकान्यांची वही आमच्या घरच्या माळ्यावर पुरात भिजून गेली. कुणाची शिल्लक असेल तर कृपया शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी, बाईंची लाल शाई असलेली असेल तर उत्तमच. मधली पानं फाटलेली असली तरी चालतील. 'कट'पासून 'पुट'पर्यंतची तर सगळ्यांना पाठच आहेत.