टाकी उचलायची की पाइप बदलायचा? ग्रॅव्हिटी फ्लोचा हिशोब, माझा अनुभव

मी उघडला तो प्रत्येक कॅल्क्युलेटर आधी पाण्याचा वेग विचारतो. अरे बाबांनो, वेगच तर काढायचाय ना!

झालं असं की आमच्या इंदूरच्या घरी वरच्या बाथरूमला करंगळीएवढी धार यायची. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं, "टाकी मीटरभर उचला, प्रेशर येईल." बाबा नवा स्टँड करायला तयारच झाले, मी म्हटलं आधी कागदावर बघू.

मोजमाप सोपं होतं: टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंत उभी उंची ४ मीटर, पाइप १८ मीटर, अर्धा इंची जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी), आतला व्यास १६ मिमी. घर्षण सोडून दिलं तर वेग √(२ × ९.८१ × ४) म्हणजे ८.८६ मीटर प्रति सेकंद, मिनिटाला १०७ लिटर. हसूच आलं.

खरं सूत्र: वेग = √[२ × ९.८१ × उंची ÷ (एफ × लांबी ÷ व्यास + के)]. एफ म्हणजे पाइपच्या घर्षणाचा गुणांक, के म्हणजे वाटेतले बाकीचे अडथळे: बेंड, व्हॉल्व्ह, टाकीकडचं तोंड आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वेगाचा १ धरून माझे ६.२ आले.

आणि इथे डोकं भंजाळलं. एफ काढायला रेनॉल्ड्स नंबर (वेग, व्यास आणि पाण्याच्या दाटपणावरून निघणारा, प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) लागतो, रेनॉल्ड्सला वेग, वेगाला परत एफ! पुस्तकं सरळ "मूडी चार्ट (एफ वाचायचा आलेख) बघा" म्हणून मोकळी होतात, आणि तो १९४४ चा चार्ट मोबाईलवर झूम करून वाचायचा म्हणजे डोळ्यांची वाट. शेवटी १९७६ चं स्वामी-जैन सूत्र कामी आलं: एफ = ०.२५ ÷ (लॉग[खडबडीतपणा ÷ (३.७ × व्यास) + ५.७४ ÷ रेनॉल्ड्स^०.९])², लॉग १० च्या पायाचा. जीआयचा खडबडीतपणा ०.१५ मिमी. सुरुवातीला डोळे झाकून ०.०२ धरा, वेग काढा, त्यावरून नवा एफ, परत वेग. माझा एफ ०.०२ वरून ०.०४० आणि मग ०.०४१ वर येऊन थांबला, दोन फेऱ्यांत खेळ खलास! एवढी साधी गोष्ट कुणी नीट का लिहीत नाही हेच कळत नाही.

वेग आला १.२३, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. वीस लिटरची बादली लावून बघितली तर दीड मिनिट, म्हणजे तेरा-साडेतेरा लिटर, नळाची तोटी धरता बरोबरच की.

हां, एक राहिलं, काही पुस्तकांत एफ चौपट लहान असतो (फॅनिंगचा), लॅमिनारला (शांत, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहाला) ६४ ÷ रेनॉल्ड्स लिहिलंय की १६ ÷ रेनॉल्ड्स ते आधी बघून घ्या.

आता मजा बघा, टाकी १ मीटर उचलली तर १५ चे फक्त १७ लिटर, कारण उंची वर्गमुळात आहे. एक इंची सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा पाइप) टाकला तर ४८! बोर मात्र स्वतः मोजा, एक इंची सीपीव्हीसी आतून २३-२४ मिमीच भरतो. बाबांना दोन्ही आकडे दाखवले, स्टँड रद्द, पाइप बदलला. मिस्त्री अजून म्हणतो नवा पाइप आहे म्हणून धार जोरात येते.